बेचिराग धामणपठार

मुळशीचा मतदारसंघ जाणार ही बातमी २००६ साली पेपरात आली, तेव्हा पौडच्या बाजारपेठेत तिची चर्चा दोन दिवस टिकली. मतदारसंघ पुनर्रचनेच्या नव्या मसुद्यात मुळशी तालुका भोर आणि वेल्ह्याला जोडला होता. आता आमदार तिकडचा होणार की आपला, यावर चहाच्या टपरीवर थोडी हमरीतुमरी झाली आणि मग लोक भातकापणीला लागले.

त्या बातमीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कोणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना पाठवता येईल आणि पुण्यात जाहीर सुनावणी होईल. जांबे गावात भाड्याने राहणाऱ्या अनिमेषने ती ओळ वाचली. तो मूळचा यवतमाळचा, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला. नकाशांचं त्याला वेड होतं. त्याने घरमालक दादासाहेबांना विचारलं, "काका, आपणच दुसरा नकाशा काढून दिला तर?"

दादासाहेब एके काळी पंचायत समितीवर होते. आता जमीन विकून त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि दिवसभर काय करायचं हा त्यांना प्रश्नच होता.

"काढ की," ते म्हणाले. "पन गावं कोन सांगनार तुला? कोळवन खोरं कुटं सुरू व्हतं ते तुला ठावं न्हाई. हेमलताबाईंना विचारू. शिरगणतीला व्हत्या त्या."

हेमलता ढमाले पौडला राहायची आणि मालेच्या पुढे एका वाडीवर शाळेत शिकवायची. वीस वर्षांच्या नोकरीत तिने मतदार याद्या केल्या होत्या, पोलिओचे डोस दिले होते, २००१ची जनगणना केली होती. तालुक्यातली गावं तिला पाढ्यासारखी पाठ होती. दादासाहेब स्वतः दारात आले याचंच तिला अप्रूप वाटलं. पौड सगळ्यांच्या मध्ये पडतं म्हणून दर रविवारी सकाळी तिच्याच घरी बसायचं ठरलं.

अनिमेष मोठमोठ्या कागदांवर तालुक्याचा नकाशा छापून आणायचा. तिच्या बाहेरच्या खोलीतली सतरंजी त्या कागदांनी भरून जायची. नियम त्याने पहिल्याच दिवशी समजावले. एका मतदारसंघात साधारण तीन लाख छत्तीस हजार माणसं हवीत, थोडं इकडेतिकडे चालेल. तलाठ्याकडच्या गावांचा गट, म्हणजे सजा, मध्येच मोडायचा नाही. आणि माणसं मोजायची ती २००१च्या जनगणनेप्रमाणे.

"म्हणजे मी इथे मोजलेलाच नाही," तो हसून म्हणाला. "हिंजवडीत आलेले आम्ही सगळे हवेतच. पण मी निदान यवतमाळात तरी मोजलेलो आहे."

मुळशी तालुक्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास होती. वेगळा मतदारसंघ टिकवायचा तर शहराच्या कडेची हवेली तालुक्यातली गावं मुळशीला जोडायला लागणार होती. कुठली जोडायची, कुठली सोडायची, याची आकडेमोड चार रविवार चालली. हेमलता यादीतून गावाचं नाव आणि वस्ती वाचायची, अनिमेष बेरीज करायचा आणि स्केचपेनने गाव रंगवायचा. दादासाहेब मध्येच म्हणायचे, "आरं, त्या गावाला ह्या बाजूला रस्ताच न्हाई. मधी डोंगूर हाय." मग रेघ पुसून पुन्हा काढायची. हेमलताला त्या कामाची गोडी लागली. शाळेत कुणी तिला कधी इतकं विचारत नसे. इथे अनिमेष प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "मॅडम, तुम्ही सांगा."

चौथ्या रविवारी मालेच्या बाजूची गावं आली. ती एकेक नाव वाचत होती आणि एका नावापाशी अडखळली.

"काय झालं, मॅडम?"

"धामणपठार," ती म्हणाली. "शून्य."

"शून्य?"

"बेचिराग लिहिलंय."

"म्हणजे?"

"महसुली गाव आहे, पण वस्ती नाही. दिवा लावायला कोणी नाही, असं." तिने पुढचं नाव वाचलं. अनिमेषने शून्य मिळवलं आणि धामणपठारावर रंग न भरता तो पुढे गेला.

धामणपठारावर वस्ती होती. गवळी धनगरांची अकरा घरं होती, हे हेमलताला ठाऊक होतं. ते शून्य तिनेच लिहिलं होतं.

२००१च्या फेब्रुवारीतली गोष्ट. खालची दोन गावं तिने चोख मोजली होती. धामणपठार शेवटचं राहिलं होतं. पायथ्यापासून वर जायला अडीच तास लागायचे. त्या दिवशी सकाळी ती उन्हाची छत्री घेऊन निघाली, पण संध्याकाळी पुण्यात मावसबहिणीचा साखरपुडा होता आणि नवरा किशोर दुपारी मोटारसायकल घेऊन यायचा होता. चढाच्या पहिल्या वळणावर दुधाची किटली डोक्यावर घेतलेली एक बाई खाली येताना भेटली. हेमलताने तिला वर किती माणसं आहेत ते विचारलं.

"हायेत की, धा-अकरा घरं," ती बाई म्हणाली. "तुमी लिवायला आलाय व्हय? चला, म्या दूध घालून लगी येते. च्या ठेवते."

"उद्या येते," हेमलता म्हणाली आणि मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज जमा करायचे होते. तिने पर्यवेक्षकाला सांगितलं, की वर कुणी नाही, जनावरं घेऊन सगळे घाटाखाली उतरलेत. त्याने मान वर न करता सही केली. नंतर ते तिच्या डोक्यातूनही गेलं. एखादं काम उरकलं की जसं जातं, तसं.

त्या रविवारी सगळे गेल्यावर तिने सतरंजी झटकली, कागद गुंडाळून ठेवले आणि स्वतःला समजावलं, की साठ माणसं. साडेतीन लाखांत साठ माणसांनी कुठली रेघ हलणार आहे?

हे खरंच होतं. रेघ हलणार नव्हती.

पण पुढच्या रविवारी दादासाहेब एका माणसाला घेऊन आले. सुनावणीत नुसते आकडे सांगून भागणार नाही, भोरला जोडल्यावर ज्याचे हाल होतील असा एक माणूस बोलला पाहिजे, असं अनिमेषचं म्हणणं होतं. दादासाहेबांनी शोधून आणलेला माणूस पन्नाशीचा, काटक, डोक्याला मुंडासं. हातात पानात बांधलेलं लोणी होतं, ते त्याने हेमलताच्या हातात दिलं.

"भिवाजी मरगळे," दादासाहेब म्हणाले. "धामनपठारचा. दोन तास उतरायचं, मंग यष्टी. ह्यो भोरला जायचा तर मुक्कामच पडंल."

हेमलता लोणी घेऊन उभीच राहिली.

भिवाजी सतरंजीच्या कडेला बसला. नकाशाकडे बराच वेळ बघून म्हणाला, "ह्यात आमचं गाव कुटं हाय?"

अनिमेषने बोट ठेवलं. आजूबाजूला सगळं हिरवं रंगवलेलं आणि मध्ये एक पांढरा तुकडा.

"ह्ये पांढरं का?"

"काका, यादीत तुमचं गाव बेचिराग आहे."

"ते ठावं हाय मला," भिवाजी उत्साहाने म्हणाला. "गेल्या साली तालुक्याला अर्ज दिला लायटीसाटी. सायेब म्हनला, तुमचं गाव बेचिराग हाय. म्या म्हनलं, व्हय सायेब, बेचिराग हाय म्हनूनच आलोय. दिवा न्हाई म्हनून तर मागतुया. तर त्यो हसाय लागला. का हसला ते काय कळलं न्हाई."

मग अनिमेषने हळू आवाजात बेचिरागचा अर्थ सांगितला. सरकारच्या कागदावर त्या गावात २००१ साली एकही माणूस राहत नव्हता.

भिवाजीने ते ऐकून घेतलं. "आमी तर हितंच व्हतो," तो म्हणाला. मग बोटांवर मोजायला लागला. भावाचं घर, चुलत्याचं घर, म्हातारी, तेव्हा नुकतीच जन्मलेली पोरगी सृष्टी. मोजून झाल्यावर म्हणाला, "बासष्ट. आमी मत टाकतो की खालच्या गावात. मत घेतात आन मानूस न्हाई म्हनतात?"

"कुनीतरी आळशी मास्तर आसंल," दादासाहेब म्हणाले. "घरी बसून भरलं आसंल."

"न्हाई, कोन तरी बाई आल्या व्हत्या," भिवाजी म्हणाला. "माज्या बायकूला वाटंत गावल्या. उद्या येते म्हनल्या. शारदानं दोन दिस दूध राखून ठिवलं त्यांच्यासाटी. मंग आल्याच न्हाईत."

हेमलता चहा टाकायला आत गेली. पातेल्यात पाणी घातलं आणि गॅस न पेटवताच उभी राहिली. बाहेर अनिमेष म्हणत होता, की हरकतीत हेही लिहू, आणि त्या वेळी मोजणीला कोण होतं ते कळेल का, मॅडमना विचारू. त्याने तिथूनच हाक मारली.

"इतक्या वर्षांचं रेकॉर्ड राहत नाही," ती आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघण्याआधी तिने किशोरला सगळं सांगितलं. तो बूट घालता घालता थांबला.

"तुझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "आणि कशासाठी? त्या सुनावणीत जनगणना बदलणार आहेत का? नाही ना? मग गप्प बस. नकाशा होऊ दे."

तिला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला होता. तरी तिला बरं वाटलं नाही.

सुनावणीच्या दिवशी पुण्यातला तो हॉल सकाळपासूनच खचाखच भरला होता. सगळ्या पक्षांचे पुढारी, त्यांचे कार्यकर्ते, फायली, झेरॉक्स. अनिमेष, दादासाहेब आणि भिवाजी पुढच्या रांगेत बसले. हेमलता त्याच रांगेत, तीन खुर्च्या सोडून बसली. भिवाजीने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि मुंडाशाऐवजी पांढरी टोपी घातली होती. काय बोलायचं ते तो ओठांतल्या ओठांत घोकत होता.

दुपारी त्यांचा नंबर लागला. अनिमेष दोन मिनिटं बोलला, नीट बोलला. नकाशा मंचावर पोचता केला. मग भिवाजी उठला.

"सायेब, मी भिवाजी मरगळे, धामनपठारचा. आमी बासष्ट मानसं..."

तिथल्या अधिकाऱ्याने यादीत गाव शोधलं. "ह्या गावाची लोकसंख्या शून्य आहे," तो म्हणाला. "बेचिराग आहे."

"न्हाई सायेब. आमी हाये तितं."

"आम्हाला जनगणनेच्या आकड्यांवरच काम करावं लागतं, काका. ते आम्ही इथे बदलू शकत नाही." तो सौम्यपणेच बोलला.

पण मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बेचिराग गावचा माणूस? म्हणजे भूतच आलंय बोलायला!" आणि सगळा हॉल हसला. पुढारी हसले, कार्यकर्ते हसले. भिवाजी उभाच होता. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, मग परत पुढे पाहिलं. त्याला बहुधा वाटलं, की आपण काहीतरी चुकीचं बोललो. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "सायेब, म्हातारी धरून बासष्ट." हसणं आणखी वाढलं.

हेमलताला उठून फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी मोजणीला होते, मी वर गेले नाही. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तिने खुर्चीच्या दांड्याला धरलं, टाचा जमिनीला टेकवल्या. आणि ती बसून राहिली. पुढच्या गावाचं नाव पुकारलं गेलं.

परतताना गाडीत दादासाहेब हसणाऱ्याला शिव्या घालत होते. अनिमेष म्हणत होता, की आपली सूचना निदान कागदावर तरी नोंदली गेली. भिवाजीने टोपी काढून खिशात घातली होती. पौडला उतरताना त्याने हेमलताला नमस्कार केला. "बाई, तुमाला लई तरास झाला आमच्यापायी," तो म्हणाला.

तो आठवडा तिचा शाळेत गेला, पण ती शिकवत नव्हती. मुलं कविता म्हणत होती आणि तिला ती ऐकू येत नव्हती. रविवारी पहाटे ती किशोरला न सांगता निघाली. चढाच्या पहिल्या वळणावर ती थांबली नाही. वर पोचायला तिला तीन तास लागले.

धामणपठार म्हणजे गवताचा माळ, कुडाची घरं, आणि शेणाचा, दुधाचा वास. भिवाजीच्या अंगणात शारदा गोवऱ्या थापत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पाहतच राहिली.

"तुमी त्याच," ती म्हणाली. "छत्री व्हती तुमच्या हातात."

"हो," हेमलता म्हणाली. "मीच ती."

भिवाजी गोठ्यातून बाहेर आला. हेमलता त्याच्यासमोर उभी राहून बोलली, घरी शंभर वेळा घोकलेलं सगळं. साखरपुडा, मोटारसायकल, पर्यवेक्षक, शून्य. काही गाळलं नाही. बोलताना तिला रडू आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला, कारण इथे येऊन रडणं म्हणजे त्यांनी तिची समजूत काढावी असं मागणं होतं.

भिवाजीने समजूत काढली नाही. तो ओट्यावर बसला.

"चढ लई हाय," तो म्हणाला. "तलाठी येत न्हाई वर, डागदर येत न्हाई. तुमी आला न्हाई त्याचं मला येवढं न्हाई."

त्याने हाताचं शेण ओट्याच्या कडेला पुसलं.

"पन बाई, तितं मी उभा व्हतो. लोकं हसत व्हती. मला वाटलं, मीच खोटा. आन तुमी तीन खुर्च्या सोडून बसला व्हता."

"हो."

"तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"मंग?"

"भीती वाटली," ती म्हणाली.

"भ्या मला बी वाटत व्हतं की," भिवाजी म्हणाला.

पठारावर ऊन चढलं होतं. तिने पिशवीतून शाळेची वही काढली आणि विचारलं, की २००१ साली कोण कोण होतं त्यांची नावं लिहून घेऊ का. भिवाजी उठून गोठ्यात गेला. नावं शारदाने सांगितली. घराघराने, वयासकट. मध्येच थांबून ती म्हणाली, "सासूबाईंचं नाव लिवा. यमुनाबाई. त्या दोन सालामागं गेल्या." हेमलताने लिहिलं. यमुनाबाई मरगळे, वय त्या वेळी अदमासे सत्तर. त्या बाईचा जन्म कुठे नोंदलेला नव्हता आणि मरणही नाही. एकदा मोजलं जाण्याची वेळ आली होती, तेव्हा मोजणारी बाई साखरपुड्याला गेली होती.

सोमवारी तिने तहसील कचेरीत लेखी जबाब दिला. त्यात पर्यवेक्षकावर काही ढकललं नाही. मी गावात न जाता वस्ती शून्य दाखवली, असं सरळ लिहिलं आणि खाली बासष्ट नावांची यादी जोडली. चौकशी सहा महिने चालली. नोकरी गेली नाही. सेवापुस्तकात ठपका आला आणि दोन वर्षांनी होणारी मुख्याध्यापकपदाची बढती हुकली. किशोर बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलत होता. अनिमेषने जबाबाची गोष्ट ऐकली तेव्हा तो रविवारी आला, बसला, आणि म्हणाला, "मॅडम, मला आधी सांगितलं असतं तर..." पुढे काय झालं असतं ते त्यालाही सांगता आलं नाही. वर्षभराने त्याची बदली बंगळूरला झाली.

कचेरीचं उत्तर आलं, की जनगणनेचे प्रसिद्ध झालेले आकडे बदलता येत नाहीत, पुढच्या जनगणनेत काळजी घेतली जाईल. २००८ साली शेवटचा नकाशा निघाला. मुळशी भोरलाच जोडली होती, मसुद्यात होती तशीच. अनिमेषने काढलेल्या रेघांपैकी एकही त्यात नव्हती. २०१०च्या मे महिन्यात घरगणतीला अपूर्वा नावाची नवीन शिक्षिका धामणपठारावर गेली. तोवर चार घरं रिकामी झाली होती. तिथली पोरं हिंजवडीत रखवालदार म्हणून लागली होती. अपूर्वाने सात घरं लिहून आणली.

हेमलताने आपल्या जबाबाची एक प्रत भिवाजीला नेऊन दिली होती. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ओट्यावर बसून तिने ती त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, परत वाचा. तिने परत वाचली. मग त्याने कागद घेऊन नीट घडी केली. पुढे कधीतरी त्याला प्लास्टिकचं आवरणही करून घेतलं. बाजाराला खाली उतरला की तो कागद बरोबर आणायचा आणि कुणी थट्टा केली, भूत म्हणालं, की पुढे करायचा. मालेत, पौडात, यष्टीत, अनेकांनी तो वाचला. खाली सही होती, नाव होतं, शाळेचं नाव होतं.

तो कागद परत माग, असं किशोरने तिला दोनदा सुचवलं. तिने मागितला नाही. शाळेच्या पालकसभेला कधी कधी एखादा नवीन बाप शेवटी थांबायचा, चुळबुळ करायचा आणि विचारायचा, "बाई, रागावू नका, पन त्या भिवाजीकडं कागुद हाय, त्यो तुमचाच का?"

दर वेळी तिचे कान तापायचे. दर वेळी ती त्या माणसाकडे बघून म्हणायची, "हो. माझाच."